पॅकेट पाठवणारा प्रत्येक जण हॅकर नसतो

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात ऑनलाइन फॉर्मचा सर्व्हर बसल्याची बातमी होती, त्यात एक वाक्य होतं की कोणीतरी पॅकेट पाठवून हॅकिंगचा प्रयत्न केला असावा. आता पॅकेट म्हणजे नेटवरून जाणाऱ्या डेटाचा छोटा तुकडा, तो गेल्याशिवाय नेटवर काहीच होत नाही हो, मी तुमचा ईपेपर उघडतो तेव्हा माझ्या मोबाईलमधून पण पॅकेटच जातात. पण असल्या वाक्यांनी आमच्यासारख्यांची काय पंचाईत होते ते सांगतो.

मी छोट्या संस्थांची नेटवर्कची कामं करतो. एका पतसंस्थेची तक्रार होती की शाखेत लॉगिनचं पान पटकन येतं पण खातेउतारा काढायला गेलं की नुसतं गोल गोल फिरत बसतं, आणि हेड ऑफिसला तेच केलं की झटक्यात येतो. सॉफ्टवेअरवाला म्हणतो लाइन खराब, लाइनवाला म्हणतो स्पीड टेस्ट बघा की, आणि काउंटरवरच्या मॅडम बिचाऱ्या खातेदारांच्या शिव्या खातायत. पिंग करून, म्हणजे समोरच्या मशीनला हाक मारून ते उत्तर देतं का, बघावं तर फायरवॉलला (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) पिंगच बंद.

मग शाखेतून मी लॅपटॉपवर स्केपी चालू केलं. पायथनमधलं फुकट टूल आहे, पॅकेटमधला एकेक रकाना आपल्या हाताने भरता येतो. टीसीपीचं, म्हणजे दोन मशीनच्या बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीचं, कनेक्शन सुरू होताना पहिलं सिन पॅकेट जातं त्यातच आपण सांगतो की मला एका पॅकेटात एवढाच डेटा पाठव, त्याला एमएसएस म्हणतात, साधारण १४६० बाइट असतो. तोच आकडा मी बदलत गेलो. यात एक गोची आहे, सिन स्केपीने पाठवलेलं असतं त्यामुळे सर्व्हरचं उत्तर आलं की आपल्याच लॅपटॉपचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) म्हणतो हे कनेक्शन कुठलं, मला माहीत नाही, आणि रिसेट, म्हणजे कनेक्शन तोडायचं पॅकेट, पाठवून मोकळा होतो, म्हणून आधी आयपीटेबल्समध्ये (लॅपटॉपचीच फायरवॉल) बाहेर जाणारे रिसेट अडवावे लागतात. पहिल्यांदा करणाऱ्याचा अख्खा दिवस यात जातो, माझा गेला होता. तर १४६० टाकला, अडकलं. १४००, अडकलं. १३६० टाकला आणि उत्तराचे तुकडे धडाधड यायला लागले!

कारण असं की शाखा आणि हेड ऑफिसच्या मधे व्हीपीएन (नेटवरून जाणारा खाजगी बोगदा) होतं, त्याच्या वेष्टनातच जागा जाते त्यामुळे १५०० चं पॅकेट त्यातून जात नव्हतं, १४०० चं जात होतं (१३६० अधिक हेडरचे, म्हणजे पत्ता वगैरे लिहायचे, ४०). मधला राउटर सर्व्हरला आयसीएमपीने (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायचे निरोप, पिंग पण त्यातलंच) कळवत होता की बाबा पॅकेट मोठं आहे, लहान कर, पण कोणीतरी सिक्युरिटीच्या नावाखाली फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद करून ठेवलेलं, म्हणजे निरोप दारातच मेला आणि सर्व्हर आपला तेच मोठं पॅकेट परत परत पाठवतोय. लॉगिनचं पान छोटं, म्हणून ते सुटायचं. दुरुस्ती दहा मिनिटांची.

पण तोवर फायरवॉलने अलार्म दिला होता, कंत्राटवाल्याने थेट अध्यक्षांना फोन लावला की आपल्यावर अटॅक चाललाय, आणि शिपायाने येऊन माझ्या लॅपटॉपची केबल उपटली. अर्धा तास मला खुर्चीवर बसवून ठेवलं, चहा पण नाही. चूक माझीही होती, मॅनेजरचं नुसतं तोंडी 'बघा करून' एवढ्यावर मी सुरू केलं. आयटी कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये सगळा मुद्दा मालकाच्या परवानगीचाच आहे, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता मी एका पानावर लिहून घेतो, कुठला आयपी (मशीनचा नेटवरचा पत्ता), किती ते किती वाजता, कोणाला आधी कळवायचं.

लोकांची भीती अगदीच खोटी नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर खोट्या पत्त्यांवरून नुसती सिन पॅकेट सोडली होती, सर्व्हर अर्धवट कनेक्शन धरून बसला आणि खऱ्या गिऱ्हाइकांना जागाच उरली नाही. त्याच सुमारास पिंग ऑफ डेथ नावाचा हल्ला आला, आयपी पॅकेटची मर्यादा ६५,५३५ बाइटची, तुकडे जोडल्यावर त्याहून मोठं होईल असं पाठवायचं की समोरचं मशीन आडवं. पण असलं वाकडं पॅकेट मशीन बनवणाऱ्यांनीच आधी आपल्या मशीनला पाठवून बघितलं असतं तर? आपण बाजारात मडकं घेताना वाजवून घेतो, कुंभार काही पोलिसांना बोलवत नाही.

म्हणून म्हणतो, संस्थांनी टेंडरमध्ये एक ओळ टाकावी, सर्व्हर चालू करायच्या आधी लेखी परवानगीने असं टेस्टिंग झालं पाहिजे आणि त्याचा रिपोर्ट जोडला पाहिजे. सध्या पान उघडलं की बिल पास होतं. आणि तुमच्या बातमीदारांनी 'हॅकिंग' लिहिण्याआधी एक फोन कोणा नेटवर्कवाल्याला करावा, आम्ही फुकट सांगू.

पत्र छापलंत तर नाव घालू नका, ते अध्यक्ष तुमचाच पेपर वाचतात.

आपला,
एक नेटवर्कवाला, सांगली जिल्हा