छकुलीच्या रात्रींबद्दल, आई-बाबांना

ती. आई आणि बाबांना सा. न.,

काल फोन अर्धवट ठेवावा लागला, छकुली उठली होती. पण आई, तू शेवटी विचारलंस ते डोक्यात राहिलंय. "तिसरा महिना सरत आला तरी रात्री तीन-चारदा उठते, म्हणजे तुझं दूध पुरत नाही का गं तिला?" आणि मागून बाबांचा आवाज, "पावडरचा एक डबा आणून ठेवा घरात." हे फोनवर धड बोलून होत नाही, म्हणून लिहिते. बाबा, तुम्ही वाचून दाखवा, आईचा नवा चष्मा अजून यायचाय.

दूध पुरतंय. बाळ किती वेळा उठतं यावरून ते कळत नाही, वजनावरून आणि लंगोटांवरून कळतं. जन्मली तेव्हा छकुली पावणेतीन किलोची होती. परवा डॉक्टरांकडे वजन केलं, पाच किलोच्या पुढे गेलं. २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले झाले की पोट भरतंय असं समजायचं, आणि आमच्या दोरीवर त्याहून जास्त वाळत असतात.

मग उठते का? आईचं दूध पचायला हलकं, दीड-दोन तासांत पोट पुन्हा रिकामं होतं. या वयाच्या बाळाला दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, त्यातल्या काही वेळा रात्रीच येणार. शिवाय दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवतं. म्हणजे रात्री पाजलं की उद्याच्या दुधाची सोय होते. बाबा, तुम्हीच सांगता ना, उपसा थांबला की विहिरीचे झरे बुजतात. रात्री पावडरचं दूध दिलं तर माझ्या शरीराला कळणार की एवढं दूध नको आहे, आणि तेवढं कमी होणार. ज्या बाईला खरंच गरज आहे आणि डॉक्टरांनी सांगितलंय, तिने डबा जरूर आणावा. मला ती गरज नाही. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने या डब्यांची जाहिरात करायलाच बंदी आहे आणि आईचं दूध सर्वोत्तम असं डब्यावरच छापावं लागतं.

तिन्हीसांजेला ती किरकिरते आणि सारखी प्यायला मागते, तेव्हाच नेमका तुमचा फोन असतो, म्हणून तुम्हाला वाटतं दिवसभर हेच चाललंय. बहुतेक बाळं संध्याकाळी अशी पुन्हा पुन्हा पितात. आई, दृष्ट काढायची असेल तर आलीस की काढ, मीठ-मोहरी आहे घरात. पण त्या वेळी "दूध आटलं" असं कोणी म्हटलं की माझा धीर सुटतो, तेवढं म्हणू नकोस.

आता रात्री आम्ही काय करतो ते सांगते. दहानंतर मोठा दिवा लावत नाही, फक्त कोपऱ्यातला छोटा पिवळा. तिच्याशी खेळत नाही, बोलत नाही. आईच्या रात्रीच्या दुधात झोप आणणारं मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसतं, आणि बाळाला दिवस-रात्र कळायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून अंधार आम्ही कटाक्षाने पाळतो. ती कण्हली, हातपाय झाडले, की लगेच उचलत नाही. पुष्कळदा झोपेतच चाललेलं असतं, आपण उचललं की मग ती खरंच जागी होते. मान इकडे-तिकडे वळवायला लागली, मूठ तोंडात घातली, की भूक. रडू फुटण्याआधीच घेते, कारण रडल्यावर ती नीट धरत नाही आणि दोघींना त्रास होतो. एका बाजूचं पिऊन झालं की अमेय तिला खांद्यावर घेऊन ढेकर काढतो, ओली असेल तर लंगोट बदलतो, मग दुसरी बाजू. बदलायचं काम मध्येच उरकल्यामुळे शेवटी ती पिता पिता झोपते ती झोपतेच. अमेय दूध पाजू शकत नाही, पण रात्रीचं बाकी सगळं त्याच्याकडे आहे. बाबा, तुम्हाला बरं वाटेल म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

कंबर धरते म्हणून पहाटे कुशीवर पडून पाजते. सोफ्यावर बसून मात्र कधीच पाजत नाही. डोळा लागला तर बाळ फटीत सरकून गुदमरायची भीती असते. पाजून झालं की तिला आमच्या पलंगाशेजारी तिच्या अंथरुणावर, पाठीवर निजवतो. आई, तू शिवलेली मोहरीची उशी फार सुबक आहे, पण डॉक्टरांनी वर्षभर उशी आणि जाड पांघरूण दोन्ही नको सांगितलंय. ती जपून ठेवली आहे. तुझी गोधडी दुपारी आमच्या डोळ्यांसमोर खेळताना अंथरते.

गुटीचंही सांगते, नाहीतर तू येताना सहाण घेऊन येशील. जायफळ उगाळून दिलं की बाळ झोपतं हे खरं आहे, म्हणूनच मला ते द्यायचं नाही. इतक्या लहान जिवाला जायफळाची किती मात्रा सोसेल ते उगाळताना कळत नाही. तुझी आजी गिरणीत होती आणि पाळीला जाताना पोरांना बाळागोळी देऊन निजवायची, हे तूच सांगितलंस. त्या गोळीत अफू असायची. तिला दुसरा इलाज नव्हता, घरी पाहायला कोणी नव्हतं. मला इलाज आहे. रजा आहे, अमेय आहे, तुम्ही आहात. सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब. उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही, दुधात भरपूर पाणी असतंच. मध तर वर्ष होईपर्यंत चाटवायचाही नाही, त्यातल्या जंतूंनी लहान बाळाला लकवा मारल्यासारखं होऊ शकतं.

माझी २६ आठवड्यांची रजा संपली की दिवसा मी नसेन. काढून ठेवलेलं दूध घरात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. आमच्याकडचा उकाडा पाहता मी ते थेट फ्रिजमध्येच ठेवीन, ते वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते दाखवीन. मी दिवसभर बाहेर राहायला लागले की काही बाळं रात्री जास्त पितात म्हणे. तसं झालं तर घाबरू नका, आताच सांगून ठेवते.

आणि तुमच्याकडून मला काय हवंय ते स्पष्टच लिहिते. पहाटे साडेपाचला तिचं पिऊन झालं की बाबांनी तिला घ्यावं. तुम्ही तसेही त्या वेळी उठून बसलेले असता. आठपर्यंत तिला गॅलरीत घेऊन बसा, पेपर वाचून दाखवा, काहीही करा. ती अडीच तासांची सलग झोप मिळाली तर माझा अख्खा दिवस उभा राहील. आई, तू रात्री उठायचं नाहीस, तुझे गुडघे आहेत. तू मला सकाळी अळिवाची खीर दे आणि दुपारी केसांना तेल लाव. बाळंतपणात लावायचीस, तशी झोप मला त्यानंतर लागलेली नाही.

चिपळूणहून मांडवी पकडा, ठाण्याला अमेय येईल घ्यायला. खालचे बर्थ मिळतायत का ते तो आज पाहतोय. बाबा, बीपीच्या गोळ्या महिन्याभराच्या घ्या, इथे त्याच कंपनीच्या मिळत नाहीत. सामानात लाडवांचा डबा असेल तर डिंक कमी घाल आई, मागच्या वेळचे फार उष्ण पडले.

तुमची,
मनू