अक्का, माझी रजा तुमच्यामुळे सुखाची झाली

अक्का, नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीनं तुम्हाला वाचून दाखवायचं आहे, तिला मी तसं सांगून ठेवलंय. तुमची शाळा तेलुगू माध्यमाची, आणि तीही लवकर सुटलेली. खाली तुमच्या घरात समोर बसून शेजारीण म्हणून आभार मानायला गेले तर "सोड की गं" म्हणून तुम्ही उठून जाल, म्हणून चार लोकांसमोर लिहिते आहे.

सरकारी नोकरीत अर्जित रजा साठत जाते आणि निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या रजेचे पैसे मिळतात. त्यामुळे जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराची जत्रा उठल्यावर मी लांब रजा टाकली, तेव्हा ऑफिसात जो तो म्हणाला, मॅडम, रजा वाया का घालवताय? घरात आजारपण नाही, लग्नकार्य नाही, कुठं फिरायला जायचं नाही. मला फक्त घरी राहायचं होतं. सकाळचं ऊन गच्चीवर कुठून कुठे सरकतं ते बघायचं होतं, हातानं काहीतरी करायचं होतं. हे कारण ज्यांना पुरेसं वाटलं अशा तुम्ही एकट्या. "मग दुपारी काय करायलीस?" एवढंच विचारलंत, आणि दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन जिना चढून आलात.

मला याचं फार वाटतं, अक्का. तुम्ही जन्मभर विड्या वळल्या. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कातरायची, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर, आणि त्यातूनही छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की तेवढ्याचे पैसे कमी. ज्या दिवशी हात थांबला त्या दिवशी पैसा नाही. पगारी रजा ही गोष्ट तुमच्या वाट्याला कधी आलीच नाही. आणि तरी माझी रजा कशानं भरायची ते तुम्ही दाखवलंत, मनात कसलीही अढी न ठेवता.

गच्चीची गोष्ट आधी सांगते. आपली काळी माती शेताला सोनं, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते. तुम्ही कुंड्या उपड्या केल्या, माती फोडली, तेवढंच कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळली. तळाला नारळाच्या शेंड्या घातल्या. मूठभर निंबोळी पेंड. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, ती पांढरी कीड, आला तेव्हा शेजारचे म्हणाले, तंबाखूचं पाणी मारा, तुमच्याकडे तंबाखूला काय तोटा. तुम्ही ठाम नाही म्हणालात. तो वास घरात पुष्कळ झाला, झाडांना तरी नको. मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, असं आपण आठवड्यानं फवारत राहिलो. जास्वंद सुधारली. तुमचं ते "झाडांना तरी नको" मात्र माझ्या मनातून जात नाही.

मोगऱ्याचं श्रेय पूर्ण तुमचं. माझं माहेर सांगोल्याकडचं. डाळिंबाला बहार धरताना पाणी तोडून ताण देतात, झाड पानं गाळतं, मग छाटणी आणि खत करून पाणी सोडलं की फुलोरा येतो, हे मी लहानपणापासून वडिलांच्या बागेत बघत आले. पण कुंडीतल्या मोगऱ्यालाही हाच न्याय लागतो, हे मला तुम्ही दाखवलंत. जानेवारीच्या शेवटी तुम्ही त्याचं पाणी बंद केलंत, नंतर निम्म्यावर छाटलात, राहिलेली पानंही ओरबाडून काढलीत. माझ्या मुलीला ते बघवलं नव्हतं. फेब्रुवारीत खत घालून पाणी दिलं आणि मार्चअखेर काय कळ्या आल्या! संध्याकाळी जिन्यात बसून तुम्ही गजरे बांधायच्या, विडीला बांधतात त्याच बारीक दोऱ्यानं. दोन फुलं इकडे, दोन तिकडे, एक वेढा, एक गाठ. तुमची बोटं बघत बसणं हा माझ्या रजेतला सगळ्यात आवडता उद्योग होता.

उन्हाळ्याची मला धास्ती होती. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या वर, स्लॅब तापून पाय ठेवता येत नाही, आणि नळाला पाणी काही दिवसांआड. तुम्ही कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून विटांवर ठेवायला लावल्या. वर हिरवी जाळी बांधली. रसवंतीवरून उसाची चिपाडं आणून, धुऊन, कडकडीत वाळवून मातीवर अंथरली, कारण गोडवा राहिला तर मुंग्या लागतात. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि सूर्य मावळल्यावरच घालायचं. कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, पुदिना, सगळे तगले.

दुपारी मात्र आपण खाली, पंख्याखाली, वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला. आईची दोन इरकली लुगडी आणि माझ्या जुन्या सुती साड्या मी कपाटात नुसत्या जपून ठेवल्या होत्या. मधे आपली सोलापुरी चादर घालूया असं मी म्हटलं, घरात एक विरलेली होती. तुमच्या यजमानांनी आयुष्यभर मागावर चादरी विणल्या, त्यामुळे उत्तर तयार होतं. चादरीची वीण जाड, सुई हातानं चालणार नाही, आणि वाकळ भिजली की धुताना उचलणार नाही. या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात नाव सोलापूरचं आलं. तिचा ताणाबाणा बोटांच्या ओळखीचा असलेली माणसं आपल्या गल्लीत अशी शेजारी बसलेली असतात, हे मला तुमच्याजवळ बसून कळलं.

लुगडी जमिनीवर ताणून अंथरायची, कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवायचे, मोठे कच्चे टाके घालून सगळे थर धरायचे, मग कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचं. घाई करायची नाही, एका दुपारी होईल तेवढीच ओळ. बाहेर यंत्रमाग खडखडत असायचे, तुम्ही तुमच्या पद्मशाली या विणकर समाजातल्या लग्नांच्या गोष्टी सांगायच्या, माझी मुलगी सुईत दोरा ओवून द्यायची. अभ्यास सोडून ती आपणहून येऊन बसायला लागली, अक्का, आणि आजीच्या लुगड्यांबद्दल विचारू लागली. हे एरवी घडलं असतं असं मला वाटत नाही. मी संध्याकाळी सातला घरी येणारी बाई, आमचं बोलणं डबा आणि फी एवढ्यावर असायचं.

बाकी घरातलं काय सांगू? खलबत्त्यात शेंगाचटणी कुटली, कडक भाकऱ्या करून डबा भरून ठेवला, दुपारची झोप घेतली. पोट भरेपर्यंत घरात राहिले.

मृगाच्या पावसानंतर तुम्ही कुंभारीहून, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या तुमच्या बहिणीकडून, अंबाडीचं बी आणलंत. कागदाच्या पुडीत, अगदी मूठभर. ते पेरलं आणि आठवड्यानं माझी रजा संपली. आता मी ऑफिसात असते तेव्हा रोपांना पाणी तुम्हीच घालता, वर संध्याकाळी काय काय झालं ते सांगताही. विरळणी केलीत, शेंडे खुडलेत, हेही तुमच्याकडूनच कळलं.

तुम्ही शिकवलंत त्याचं कुठं प्रमाणपत्र नाही, तुम्ही मागितलंही काही नाही. चहाचा कप मात्र घेतलात, तोही अर्धाच. म्हणून हे आभार, अक्का, अगदी मनापासून. तुमच्या दुपारी तुम्ही मला दिल्यात. ज्या हातांनी घर चालवलं तेच हात माझ्या हौसेसाठी लावलेत, आणि माझी हौस तुम्हाला क्षुल्लक वाटली नाही.

एक विनंती आहे. दुसरी वाकळ तुमच्या नातवासाठी करायची म्हणतेय, तुमच्या साड्या काढून ठेवा, नको म्हणू नका. नारळी पौर्णिमेला तुमच्या समाजाच्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघेल तेव्हा गर्दीत तुमच्याबरोबर मी येणार आहे. आणि या रविवारी अंबाडीची पहिली तोडणी. लसूण आणि लाल मिरच्या मी आणून ठेवते, पच्चडीची, तुमच्या त्या चटणीची, फोडणी तुम्ही घाला.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शेजारीण
अक्कलकोट रोड, सोलापूर