साष्टी हे नाव परत वापरात यावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईवरील बहुतेक लेखांत ‘सात बेटांची मुंबई’ हे शब्द येतात आणि त्याच ओघात अंधेरी, बोरिवली, मुलुंडही त्या सात बेटांत ढकलले जातात. ही उपनगरे त्या सातांत कधीच नव्हती. ती आहेत साष्टी बेटावर. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी, असे हे मोठे बेट. ठाणे शहराचा जुना भाग, कान्हेरीची लेणी, तुळशी आणि विहार तलाव, सगळे त्याच्यावरच. 1845 मध्ये माहीमचा कॉजवे झाला, तोवर माहीमहून वांद्र्याला होडीनेच जावे लागे.

साष्टी हे ‘षट्षष्टी’चे रूप, सहासष्ट गावांचा प्रदेश. हे नाव किमान हजार वर्षांचे आहे. भांडुपजवळ सापडलेला शिलाहार राजा छित्तराज याचा ताम्रपट शके 948, म्हणजे इ.स. 1026 चा. त्यात श्रीस्थानक, म्हणजे ठाणे, याच्या अंतर्गत षट्षष्टी विषयातील, म्हणजे त्या काळच्या कारभारी विभागातील, नौर गावचे एक शेत दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे हे नाव कवीकल्पनेतून आलेले नाही. गावे मोजून कारभार करणाऱ्यांचे, शेतसाऱ्याच्या व्यवहारातले ते नाव आहे, आणि मला ते त्यामुळेच जास्त मोलाचे वाटते.

1534 च्या तहाने वसईबरोबर हे बेट पोर्तुगीजांकडे गेले. त्यांच्या तोंडी ते ‘साल्सेत’ झाले, इंग्रजांनी ‘सॅलसेट’ केले. मराठी कागदपत्रांत मात्र साष्टीच राहिली. 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हाही ती साष्टीची मोहीमच होती.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. गोव्यातही सहासष्ट गावांवरून नाव पडलेली सासष्टी आहे, मडगावचा तालुका. पोर्तुगीज दोन्हींना जवळपास एकच नाव देत. त्यातच 1739 च्या सुरुवातीला वसईचा लढा चालू असताना मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्याच्या सासष्टीत शिरून मडगाव घेतले. त्यामुळे त्या काळाचा इतिहास वाचताना कोणती साष्टी हे दर वेळी तपासावे लागते. पण गोव्यात ते नाव आज तालुक्याच्या कारभारात जिवंत आहे. आपल्याकडे 1774 मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले, 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली आणि पुढे 1920 मध्ये तिच्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला गेला. ‘उपनगर’ हा शब्द आला आणि बेटाचे स्वतःचे नाव रोजच्या बोलण्यातून गेले. लाखो माणसे ज्या बेटावर जन्मतात त्याचे नाव त्यांना शाळेत सांगितले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नामांतराची मागणी नाही. वसईच्या आणि ठाण्याच्या खाडीवरील पुलांपाशी ‘साष्टी बेट’ अशी पाटी लावावी, मुंबई व ठाण्याच्या मुलांच्या भूगोलात हे बेट नकाशासह यावे, आणि आपल्या दैनिकानेही मराठीत लिहिताना ‘सॅलसेट’ न छापता साष्टी छापावे, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, भांडुप