आधार कार्ड झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दसरा चौकाजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. प्रवेशाचे दिवस आले की शटर वर करायच्या आधीच दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, पॅन, पासबुक, जातीचा दाखला येऊन पडलेले असतात. पाठवणारा कोण, हे पुष्कळदा मला ठाऊकही नसतं. खाली एवढंच, "मामा, दोन कॉप्या काढून ठेवा, आलोच." पेन ड्राइव्ह होता तेव्हा काम झालं की गिऱ्हाईक तो खिशात घालून जायचं. आता गिऱ्हाईक जातं आणि कागद माझ्याकडे राहतो.

फेसबुक, इन्स्टाग्राम आपली माहिती गोळा करतात म्हणून माझ्याच काउंटरवर तावातावानं बोलणारे लोक यात आहेत. दुकानाच्या फोनमध्ये त्यांचा आधार क्रमांक, खाते क्रमांक, पत्ता आणि सही एकत्र पडलेली असते, त्याचं काय?

आधारची डाउनलोड केलेली पीडीएफ पासवर्डशिवाय उघडत नाही, हे खरं. पण तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. आधारच्या वेबसाइटवरच तसं लिहिलंय. आणि आमच्या कोल्हापुरात वाढदिवस म्हणजे चौकात डिजिटल बोर्ड, तालमीच्या ग्रुपवर फोटो, फेसबुकवर सालासकट जन्मतारीख! कुलूप लावून किल्ली दारावरच टांगल्यासारखं झालं.

पाठवलेलं नंतर डिलीट केलं की मिटलं, असंही लोक धरून चालतात. सगळ्यांच्या फोनवरून मेसेज काढायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते. शिवाय प्रिंटसाठी कॉम्प्युटरवर उतरवलेली फाइल त्यानं जात नाही. दुकानात कामाला पोरं येतात, सोडून जातात, कॉम्प्युटर तोच राहतो. मी फोनमधलं ऑटो डाउनलोड बंद ठेवलंय, चॅट २४ तासांत आपोआप पुसली जातील असं सेटिंग केलंय आणि रात्री दुकान बंद करताना डाउनलोडचं फोल्डर रिकामं करतो. याला पैसा लागत नाही. पण प्रत्येक दुकानात हे होतंच असं नाही. म्हणून प्रिंट हातात आली की फाइल आपल्यासमोर पुसायला लावा. दुकानदाराला राग येईल म्हणून संकोचू नका.

'मास्क्ड' आधारही मिळतं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. मी गिऱ्हाइकाला तेच काढून देऊ बघतो, तर तासाभरात माणूस परत, "साहेब म्हणाले, हे चालत नाही." मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं, आधारची झेरॉक्स कुठेही देऊ नका, मास्क्ड द्या, असं पत्रक काढलं होतं. आता धंदा बसणार म्हणून घरी काळजी सुरू झाली, तोवर दोनच दिवसांत गैरसमज होईल म्हणून ते मागं घेतलं गेलं! मास्क्ड आधारची सोय मात्र तेव्हाही होती, आजही आहे.

परवा एका पालकानं फोन दाखवला. शाळेच्या बाईंनी वर्गाच्या ग्रुपवरच मुलांची आधार कार्डं मागवलेली, आणि एकामागून एक सगळ्यांनी टाकलेली. कोणाचं पोरगं कुठं राहतं, जन्म कधीचा, हे ग्रुपमधल्या सगळ्यांच्या फोनमध्ये गेलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ ला झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. वर्गाच्या ग्रुपपर्यंत तो पोहोचायला किती वर्षं लागणार?

जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका आणि शिक्षण विभागानं एवढं करावं : जिथं नुसती ओळख पटवायची आहे, तिथल्या प्रत्येक फॉर्मखाली 'मास्क्ड आधार चालेल' अशी ओळ छापावी आणि मुलांची कागदपत्रं ग्रुपवर मागवायला शाळांना मनाई करावी.

— एक झेरॉक्स दुकानदार, दसरा चौक परिसर, कोल्हापूर