जुना संगणक नेमका कुठे अडतो?

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबले. तेव्हापासून ‘जुन्या यंत्रावर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला योग्य आहे, पण अर्धवट. लिनक्स टाकूनही यंत्र रखडते, मग प्रोसेसर जुना म्हणून ते भंगारात जाते. दोष बहुधा प्रोसेसरचा नसतोच.

आधी मोजावे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) चालू ठेवून नेहमीचे काम करावे; यंत्राचा वेळ कशात जातो ते ही आज्ञा दर सेकंदाला एका ओळीत दाखवते. पहिली ओळ सोडावी, ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. ‘डब्ल्यूए’चा (wa, वाट पाहण्यात गेलेला टक्के वेळ) रकाना सतत २०-३० च्या वर राहिला, तर प्रोसेसर हात बांधून डिस्कची वाट पाहतो आहे. ड्युअल-कोअरवर (दोन गाभ्यांच्या प्रोसेसरवर) एकच प्रोग्राम अडलेला असेल तर हा आकडा ५० च्या आसपासच थांबतो, त्यामुळे ५० पाहून निश्चिंत होऊ नये. ‘एसआय’, ‘एसओ’ (si, so, म्हणजे रॅम व डिस्क यांच्यातली अदलाबदल) सारखे हलत असतील तर रॅम अपुरी आहे.

मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एका फेरीस ८.३ मिलिसेकंद लागतात. सरासरी अर्धी फेरी आणि हेड सरकण्याचे ८-९ मिलिसेकंद धरले, तर विखुरलेली वाचने सेकंदाला जेमतेम ७५-८० होतात. साध्या सॅटा एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) ती हजारोंनी होतात. म्हणून पहिला पैसा एसएसडीवर घालावा. बोर्ड सॅटा-२ चा, म्हणजे डिस्कजोडणीच्या जुन्या, कमी वेगाच्या पिढीचा असला तरी बिघडत नाही, कारण खरी बचत शोधाशोधीच्या वेळेत आहे. मात्र सिस्टिम टाकण्याआधी बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्कसाठी जुन्या ‘आयडीई’ऐवजी नवी ‘एएचसीआय’ पद्धत निवडावी. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवू नये. विंडोज एक्सपीच्या काळातली पार्टिशने (डिस्कचे विभाग) सेक्टर ६३ पासून सुरू होतात, ती ४ केबीच्या सीमेवर बसत नाहीत आणि एका लेखनासाठी दोन ठिकाणी हात घालावा लागतो. नवी पार्टिशने सेक्टर २०४८ पासून करावीत.

एसएसडी परवडत नसेल तर निदान ‘स्मार्टसीटीएल’ (smartctl) या आज्ञेने डिस्कची प्रकृती तपासावी. १९७ क्रमांकाचा आकडा (वाचता न आलेले सेक्टर) शून्यापेक्षा जास्त असेल, तर तिथे पुन्हापुन्हा वाचण्यातच वेळ जातो. आधी बॅकअप घ्यावा. १९९ (डेटा वाहून नेतानाच्या चुका) वाढत असेल तर डिस्कऐवजी केबल बदलून पाहावी.

रॅम वाढवता येत नसेल तर ‘झेडरॅम’ (zram) लावावे; ते रॅममधलाच मजकूर दाबून लहान करते. फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणाऱ्या ‘नोएटाइम’चा मात्र गाजावाजाच फार, ही नोंद क्वचितच करणारे ‘रेलएटाइम’ २००९ पासून मूळचेच असल्याने फरक नगण्य पडतो.

व्हीएमस्टॅटमधला ‘यूएस’ (us, प्रोग्राम चालवण्यात गेलेला टक्के वेळ) खरोखरच ९० च्या पुढे असेल, तरी आधी ‘सेन्सर्स’ (sensors) या आज्ञेने तापमान पाहावे. साधारण ९०-१०० अंश सेल्सिअसच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. हीटसिंकमधली धूळ काढून थर्मल पेस्ट नव्याने लावली की तो पूर्ववत धावतो.

एक धोका कळकळीने सांगावासा वाटतो. वेग वाढवण्यासाठी एफस्टॅबमध्ये (/etc/fstab, डिस्क कशा जोडायच्या याची फाइल) ‘बॅरियर=०’ (barrier=0) लिहा, असे काहीजण सुचवतात. बॅरियर असेल तरच जर्नलमधल्या (बदलांच्या रोजनिशीतल्या) नोंदी योग्य क्रमाने डिस्कवर उतरतात. यूपीएस नाही आणि वीज केव्हाही जाते अशा ठिकाणी तो बंद केला, तर एका झटक्यात फाइल सिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) खराब होऊन एखाद्या शाळेच्या वर्षभराच्या नोंदी जाऊ शकतात. एफस्टॅबमध्ये ही नोंद आढळल्यास ती आजच काढावी.

— एक सिस्टिम प्रशासक, नाशिक