निफोफिया लावतोयस ना, मग हे आधी वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज आला आणि लगेच लिहायला बसलो, कारण निफोफिया म्हणजे माझा जीव की प्राण. टॉर्च लिली म्हण नाहीतर रेड हॉट पोकर, झाड तेच.

"पाणी किती घालू" विचारलंयस, पण खरी भानगड पाणी कधी घालायचं ही आहे. बघ, याच्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेतल्या, आणि त्यातल्या कितीतरी डोंगरातल्या ओलसर गवताळ भागात, ओढ्याकाठी वाढतात, जिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. म्हणून वाढीच्या दिवसांत, फुलांचे दांडे निघताना पाणी बिनधास्त दे, पण थंडीत मुळाशी पाणी तुंबलं की गड्डा सडलाच म्हणून समज. माती चिकट असेल तर वाफा उंच कर, बारीक खडी मिसळ. ऊन मात्र दिवसभर पाहिजे, सावलीत नुसती पानंच माजतात.

आणि फुललं की जवळ जाऊन बघच! दांड्यावर लोंबणाऱ्या बारीक बारीक नळ्या खचाखच, खालून वर उमलत जातात, कळी लालभडक आणि उमलली की पिवळी होत जाते, त्यामुळे वर लाल खाली पिवळं दिसतं, फुलं सगळी एकाच जातीची. नळीत मध इतका की तिकडे आफ्रिकेत शिंजीर पक्षी दांड्यालाच पकडून बसतात आणि चोच खुपसून पितात. सगळीच लाल नसतात बरं का, 'लिटल मेड' ही जात फिकट क्रीम रंगाची आणि जेमतेम ६० सेंमी, मला तर तीच जास्त आवडते.

बी पेरू नकोस, फुलायला २-३ वर्षं जातात आणि संकरित जातीचं बी आईसारखं निघेलच असं नाही, सरळ फुटवा आण. दोन झाडांत ४५-६० सेंमी अंतर ठेव, पहिल्या वर्षी फुलं कमी आली तरी उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नकोस, याला हलवलेलं आवडत नाही. थंडीआधी पानंही कापू नकोस, कडाक्याची थंडी असेल तर ती वर गोळा करून सैल बांध म्हणजे पोंग्यात पाणी जाणार नाही, आणि वसंतात जुनी पानं काढून टाक. बेट फारच दाटलं तर तेही वसंतातच फोडायचं.

जागा ठरली की फोटो पाठव, दुपारच्या उन्हातला पाठव म्हणजे सावली कुठवर येते ते कळेल.

तुझाच