भाड्याची स्की घेताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी भाड्याची जोडी पारखूनच घ्यावी, यासाठी हे पत्र. उभी धरलेली स्की नवशिक्याच्या हनुवटीपर्यंत, तर सराईताच्या कपाळापर्यंत किंवा डोक्याइतकी असावी. दाबलेल्या उतारावर आणि भुसभुशीत बर्फातही चालणारी ‘ऑल माउंटन’ स्की बुटाखाली साधारण 80 ते 100 मिलिमीटर रुंद असते. तिचे टोक अधिक लांबवर उचललेले असल्यास बर्फाला टेकणारी कड आखूड होते, म्हणून ती थोडी लांब घेता येते.

मात्र लांबीपेक्षा मला बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीवर जखडणाऱ्या पकडीची, काळजी अधिक वाटते. पडल्यावर बूट सुटण्यासाठीचा ‘डिन’ आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी पाहून ठरतो. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला दिलेल्या जोडीवर आधीच्या गिऱ्हाइकाचा 8 हा तिच्यासाठी फार घट्ट असलेला आकडा तसाच राहिला होता; ती पडली, स्की सुटली नाही आणि गुडघा पिळवटला. बाइंडिंगच्या पुढच्या भागावरील खिडकीतला तो छोटा आकडा मी वाकून पाहिला नव्हता, याची खंत आजही आहे. स्की भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाचा आकडा दुकानदाराने पावतीवर लिहून देणे बंधनकारक व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे